शीतकपाटाच्या नियंत्रण फलकाची दुरुस्ती

शीतकपाटाच्या नियंत्रण फलकाची दुरुस्ती म्हणजे फ्रीजमधील इलेक्ट्रॉनिक फलकावरचे तडकलेले सोल्डरचे जोड पुन्हा वितळवून, अथवा निकामी झालेला सुटा भाग बदलून, तो फलक चालता करण्याचे काम होय. कारागीर या फलकाला 'पीसीबी' किंवा नुसते 'बोर्ड' म्हणतात. सोल्डरसाठी मराठीत 'डाख' हा जुना शब्द आहे. भांड्याला डाख देण्याचे आणि फलकावर सोल्डर करण्याचे तत्त्व एकच आहे: जोडावयाच्या धातूंपेक्षा कमी तापमानास वितळणारा मिश्रधातू त्यांच्यामध्ये भरून सांधा पक्का करणे. येथे मात्र त्या सांध्यातून वीज वाहते आणि फलकाचा एक भाग थेट घरगुती पुरवठ्याशी जोडलेला असतो.

फ्रीज बंद पडला की 'बोर्ड गेले' असे निदान पुष्कळदा होते व संपूर्ण फलक बदलला जातो. प्रत्यक्षात काही फलकांमध्ये दोष केवळ एकदोन जोडांपुरता असतो. असे फलक घरीही दुरुस्त होऊ शकतात, परंतु दोष खरोखर जोडाचाच आहे हे आधी ठरवावे लागते.

फलकाची रचना

साध्या एकदारी फ्रीजमध्ये बहुधा इलेक्ट्रॉनिक फलक नसतोच. तेथे यांत्रिक थर्मोस्टॅट आणि कॉम्प्रेसरवर बसवलेले रिले व ओव्हरलोड संरक्षक एवढ्यावर काम भागते. या लेखातील विवेचन फ्रॉस्ट-फ्री आणि इन्व्हर्टर प्रकारच्या फ्रीजला लागू पडते.

फलकाच्या एका बाजूस वीजपुरवठ्याचा भाग असतो. त्यात फ्यूज, व्हॅरिस्टर, ब्रिज रेक्टिफायर, मोठा कपॅसिटर व लहान ट्रान्सफॉर्मर असतात. २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज एकदिश केल्यावर या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. पुढे त्यापासून रिले व पंख्यासाठी साधारणतः १२ व्होल्ट आणि मायक्रोकंट्रोलरसाठी ५ किंवा ३.३ व्होल्ट तयार होतात. मायक्रोकंट्रोलर तापमान-संवेदकांचे वाचन घेऊन कॉम्प्रेसर, पंखा आणि बर्फ वितळवणारा हीटर चालू-बंद करतो. इन्व्हर्टर फ्रीजमध्ये कॉम्प्रेसरसाठी तीन फेजची वीज निर्माण करणारा विभागही असतो. तो कधी त्याच फलकावर, तर कधी कॉम्प्रेसरजवळ वेगळ्या डबीत बसवलेला असतो.

जोड तडकण्याची कारणे

रिले, ट्रान्सफॉर्मर, कनेक्टर आणि उष्णताशोषक पट्टीवर बसवलेले भाग हे वजनदार किंवा तापणारे असतात. फ्रीज दिवसातून अनेक वेळा चालू-बंद होतो. प्रत्येक वेळी धातूची पिन, सोल्डर आणि फलकाचे द्रव्य वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण व आकुंचन पावतात. वर्षानुवर्षे हे चालल्यावर पिनेभोवतीच्या सोल्डरला बारीक वर्तुळाकार तडा जातो. कॉम्प्रेसरची थरथर त्यात भर घालते. तड्यातून ठिणगी उडू लागली की जोड काळवंडतो, त्याची रोधकता वाढते, त्यामुळे तो अधिक तापतो आणि तडा आणखी रुंदावतो.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध घातल्यानंतर शिसेविरहित सोल्डरचा वापर जगभर वाढला. कथील ६३ व शिसे ३७ टक्के असलेले पारंपरिक सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. कथील, चांदी व तांबे यांचे शिसेविरहित सोल्डर वितळण्यास सुमारे २१७ ते २२० अंश लागतात. बिघडलेल्या प्रत्येक जोडाचा दोष शिसेविरहित सोल्डरवर टाकण्याची कारागिरांमध्ये सवय आहे, पण पिनेच्या छिद्रात सोल्डर अपुरे भरणे किंवा कनेक्टर वारंवार ओढला जाणे ही कारणेही तितकीच खरी आहेत.

पुरवठ्यातील दोष हे निराळे कारण आहे. कमी दाबाच्या वीजपुरवठ्यात ६ टक्क्यांपर्यंतचा चढउतार ग्राह्य मानला जातो, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. वितरण वाहिनीतील 'न्यूट्रल' तुटल्यास एखाद्या घरात याहून पुष्कळ अधिक, क्वचित ४०० व्होल्टच्या जवळपास, दाब येऊ शकतो. तेव्हा व्हॅरिस्टर फुटतो व फ्यूज उडतो. हे फलक वाचवण्यासाठीच घडते. अशा फलकावर नुसते सोल्डर करून काहीही साधत नाही. व्हॅरिस्टर आणि फ्यूज त्याच मापाचे नवे बसवावे लागतात. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

पाली, झुरळे व मुंग्या उबेसाठी फलकाच्या डबीत शिरतात. त्यांच्यामुळे होणारे शॉर्टसर्किट आणि पावसाळ्यातील दमटपणामुळे तांब्यावर चढणारे हिरवे कीट हेही नेहमीचे दोष आहेत.

निदान

तडकलेल्या जोडाचे मुख्य लक्षण म्हणजे अनियमितपणा. फ्रीज कधी चालतो, कधी बंद पडतो. दार जोरात लावल्यावर सुरू होतो. थंड असताना चालतो आणि तापल्यावर थांबतो. रिलेचा 'टक्' असा आवाज येऊनही कॉम्प्रेसर सुरू न होणे हे रिलेचा जोड किंवा त्याचे आतील संपर्क खराब असल्याचे चिन्ह असू शकते. याउलट कप्पा थंड न होता फ्रीझरमध्ये बर्फ दाटत असेल, तर हीटर, बायमेटल, संवेदक आणि पंखा आधी तपासावेत. फलकाचा क्रम नंतर येतो.

जोड भिंगातून व तिरप्या प्रकाशात पाहावेत. केवळ पृष्ठभाग मंद दिसतो म्हणून जोड वाईट ठरत नाही, कारण शिसेविरहित सोल्डर मुळातच कमी चकाकते. पिनेभोवतीची काळी रेघ हीच खूण मानावी. मल्टिमीटरची 'बीप' येथे फसवी ठरते. मीटरमधून अत्यल्प प्रवाह वाहतो, त्यामुळे केसभर टेकलेला जोडही अखंड दिसतो. लाकडी काडीने पिन हलकेच हलवून पाहणे अधिक उपयोगी पडते. अर्थात वीज पूर्णपणे तोडलेली असताना. माथा फुगलेला कपॅसिटर दिसल्यास तो बदलणे आवश्यक आहे.

पुन्हा सोल्डर करण्याची पद्धत

प्रथम प्लग काढला जातो. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. काही मिनिटे थांबून मोठ्या कपॅसिटरवरील दाब मीटरने मोजतात. दाब शिल्लक असल्यास काही हजार ओहमच्या, ५ वॅटच्या रोधकातून तो उतरवतात आणि पुन्हा मोजतात. पेचकसाने दोन्ही टोके जोडण्याची पद्धत रूढ असली तरी त्यातून मोठी ठिणगी उडते व फलक आणि डोळे दोन्ही धोक्यात येतात.

कनेक्टरांचे छायाचित्र घेऊन फलक बाहेर काढतात आणि फ्रीजपासून दूर, हवेशीर जागी काम करतात. अनेक नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा ज्वलनशील वायू असतो. तो हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून कॉम्प्रेसरजवळ तापलेली सोल्डरिंग आयर्न नेऊ नये.

जुन्या जोडावर फक्त नवे सोल्डर चढवल्याने तडा झाकला जातो, सांधत नाही. जोडाला फ्लक्स लावून जुने सोल्डर वितळवतात, ते सकर पंपाने किंवा तांब्याच्या जाळीने शोषून घेतात, पिन काळवंडली असल्यास घासून स्वच्छ करतात आणि मग नवे सोल्डर भरतात. आयर्नचे टोक साधारण ३३० ते ३७० अंश सेल्सिअस ठेवतात. ते पिन आणि तांब्याचे वर्तुळ या दोहोंना एकाच वेळी टेकवतात आणि सोल्डर टोकाला न लावता जोडाला लावतात. दोन ते चार सेकंदांत सोल्डर पिनेभोवती उताराप्रमाणे पसरायला हवे. गोळा बनून राहिले तर उष्णता अपुरी होती किंवा धातू अस्वच्छ होता. अशा वेळी तापमान वाढवण्यापेक्षा रुंद टोक वापरणे हितावह असते. अतितापाने तांब्याचे वर्तुळ फलकापासून उचलले जाते. तसे झाल्यास पिनेपासून पुढच्या जोडापर्यंत जाड तार जोडावी लागते. नळकामात वापरला जाणारा आम्लयुक्त फ्लक्स फलकावर कधीही वापरू नये, कारण तो मागे राहून तांबे खातो. राळयुक्त फ्लक्सच योग्य ठरतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फलक पुसून सुकवतात आणि संरक्षक लेप निघाला असल्यास पुन्हा देतात. शिसे हाताळल्यावर हात धुणे आवश्यक आहे.

चाचणीसाठी कारागीर ६० किंवा १०० वॅटच्या तंतूच्या दिव्याची 'सिरीज' वापरतात. कॉम्प्रेसर व हीटर न जोडता फलकाला या दिव्यातून वीज दिली असता दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर पुरवठा विभाग ठीक आहे. तेजस्वी राहिला तर शॉर्ट आहे. कॉम्प्रेसर मात्र या दिव्यातून चालवू नये. जेथे अर्थिंग नाही किंवा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला नाही तेथे ही चाचणी घरी करणे अयोग्य होय. इन्व्हर्टर विभागातील शक्ति-मॉड्यूल जळाले असल्यास काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

दुरुस्तीच्या काळात दार बंद ठेवल्यास कप्प्याचा थंडावा साधारण चार तास टिकतो. इन्सुलिनचा न उघडलेला साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे तो आधीच अन्यत्र हलवणे इष्ट.

पुणे जिल्ह्यातील स्थिती

पुणे जिल्हा हा फ्रीज बनवणारा जिल्हा आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत व्हर्लपूल, एलजी आणि हायर या कंपन्यांचे कारखाने आहेत, तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे गोदरेजचा कारखाना आहे. सुट्या भागांसाठी मात्र सामान्य ग्राहकाचा ओढा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीकडे असतो. रिले, व्हॅरिस्टर, कपॅसिटर आणि सोल्डरिंगची हत्यारे तेथे मिळतात. हवेली तालुक्यातील लोणी काळभोर हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर असून तेथून हडपसरमार्गे शहरात येता येते. घरी फलक दुरुस्त करू पाहणाऱ्याने जुना भाग सोबत नेणे श्रेयस्कर, कारण रिलेवर व्होल्ट, अँपिअर आणि पिनांची मांडणी हे तिन्ही जुळावे लागते. १२ व्होल्टच्या जागी २४ व्होल्टचा रिले दिसायला तंतोतंत सारखा असतो आणि चालत नाही.

कायदेशीर बाजू

हमीच्या मुदतीत फलक उघडल्यास हमी रद्द होऊ शकते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले. त्यात टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तूंचाही समावेश आहे. दुरुस्त न होणारा फलक घरच्या कचऱ्यात टाकण्याऐवजी नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे जावा, अशी अपेक्षा १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये आहे.