हुतात्मा कोणाला म्हणायचं? तळोजा ते वांद्रे, एक सहल



हुतात्मा म्हटलं की मुलांना हुतात्मा चौक आठवतो. नवी मुंबईच्या मुलांना जासईही ठाऊक हवं. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये तिथे पाच शेतकरी गोळीबारात गेले. याच शहराच्या हद्दीशी जोडलेलं आणखी एक नाव आहे, पण ते वर्गात घेताना आपण जरा कचरतो. फादर स्टॅन स्वामी.

मूळचे तमिळनाडूचे, जन्म १९३७. येशूसंघीय धर्मगुरू. आयुष्याची कितीतरी वर्षं झारखंडच्या आदिवासींमध्ये काढली. जमिनीवरचा हक्क, ग्रामसभेचे अधिकार आणि खटल्याविना तुरुंगात पडलेले आदिवासी तरुण, हे त्यांचे विषय. ८ ऑक्टोबर २०२० ला एनआयएने त्यांना रांचीत अटक केली, एल्गार परिषद प्रकरणात. बंदी असलेल्या माओवादी संघटनेशी संबंध असल्याचा आरोप होता, तो त्यांनी नाकारला. खटला उभा राहण्याआधीच ते वारले, म्हणजे आरोप सिद्ध झालेच नाहीत. मुलांना हे असंच, दोन्ही बाजूंनी सांगा. 'ते दोषी होते' असंही नको आणि तपास यंत्रणेबद्दल आपल्या मनाची गोष्टही नको.

अटकेनंतर त्यांना ठेवलं ते तळोजा कारागृहात. खारघरच्या टोकाला आहे ते. बेलापूर-पेंधर मेट्रोने त्या बाजूला जाता येतं. आत अर्थातच जाता येत नाही, आणि बाहेर स्मारक वगैरे काही नाही. नुसती भिंत. फोटोच्या फंदात पडू नका, दुरूनच दाखवा. खरं तर तिथे बघण्यापेक्षा सांगण्यासारखं जास्त आहे. त्यांना पार्किन्सन्स होता, हात थरथरायचे, पेला तोंडाला लावता यायचा नाही. म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा असा कोर्टात अर्ज केला. ८३ वर्षांचा माणूस, आणि मागणी काय, तर पाणी पिण्याची नळी! ती मिळायला काही आठवडे गेले. वर्गात एक करून बघा. पेला काठोकाठ भरा आणि हात मुद्दाम हलवत प्यायला सांगा. आधी मुलं हसतील, मग कपडे भिजले की आपोआप प्रश्न विचारतील.

दुसरं ठिकाण वांद्रे. हार्बरने वडाळ्याला गाडी बदलून जाता येतं. मे २०२१ मध्ये व्हिडिओवरून हायकोर्टापुढे ते म्हणाले की तुरुंगात आलो तेव्हा स्वतःच्या हाताने जेवत होतो, आता भरवावं लागतं. त्यांना रांचीला आपल्या माणसांत जायचं होतं. कोर्टाच्या आदेशाने २८ मे ला होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये हलवलं, तिथे कोरोना निघाला. ५ जुलैला जामिनाची सुनावणी चालू असतानाच न्यायाधीशांना सांगण्यात आलं की ते गेले. वय ८४.

दुसऱ्या दिवशी वांद्र्याच्याच सेंट पीटर्स चर्चमध्ये प्रार्थना झाली. कोरोनामुळे मोजकीच माणसं होती, बाकीच्यांनी ऑनलाइन पाहिली. शेजारीच सेंट स्टॅनिस्लॉस शाळा आहे. फादरांचं पूर्ण नावही स्टॅनिस्लॉस लूर्दुस्वामी. मुलांना असं काही सापडलं की ते पक्कं लक्षात राहतं.

आता 'हुतात्मा' शब्दाचं. चर्चने त्यांना अधिकृतपणे तसं घोषित केलेलं नाही, पण अनेक ख्रिस्ती माणसं तसं मानतात. आपल्या शब्दात स्वतःची आहुती आहे. 'मार्टर' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ मात्र साक्षीदार. पाचवीच्या पुढच्या मुलांना विचारा, फादरांना यातला कुठला शब्द जास्त लागू पडतो? एका उत्तरावर एकमत व्हायलाच हवं असं नाही.

आणि कधी झारखंडला जाणं झालं, तर रांचीजवळच्या नामकुमला 'बगैचा' आहे. तिथेच ते राहायचे. आवारात बिरसा मुंडांचा पुतळा आहे, आणि हक्कांच्या लढ्यात मारल्या गेलेल्या आदिवासींची नावं कोरलेला दगड. ती नावं मुलांना मोठ्याने वाचायला लावा.