तरत्या बोयाची जबानी

समुद्रावर जे जे तरंगते ते ते पाण्याबरोबरच जाते, असे गृहीत धरून वाहत आलेल्या बाटलीवरून प्रवाहाची दिशा बिनदिक्कत सांगणारी माणसे किनाऱ्यावरील गावोगाव भेटतात. परंतु बूच लावलेल्या रिकाम्या बाटलीचा बराच भाग पाण्याबाहेर राहत असल्यामुळे तिच्या जबानीत पाण्याइतकाच वाराही बोलत असतो. ही भेसळ टाळण्यासाठी १९८०च्या दशकाच्या आरंभी उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या मोहिमेत जो बोया वापरला गेला, त्याचे जवळजवळ सारे अंग पाण्याखालीच होते : मधोमध सुमारे मीटरभर उंचीची उभी नळी, तिच्या चार अंगांना ताणून बसवलेली कापडी शिडे, वर छोटे तरंगक आणि पाण्याबाहेर डोकावणारी काय ती एक बारीक अँटेना. शिडाने वारा धरावयाचा असतो. या शिडांनी मात्र पाणी धरावयाचे असते.

खोल समुद्रातील बोयाला याच कामासाठी भोके पाडलेले लांब कापडी नळकांडे दोरीने बांधलेले असून त्याचा मध्य १५ मीटर खोलीवर राहतो. ते तुटून गेले तरी बोया तरतच राहतो, मुक्कामाच्या नोंदीही इमानाने धाडतो, आणि त्या नोंदींत वारा शिरतो. असे नळकांडे गमावलेले कित्येक बोये दप्तरी शाबूत म्हणून दाखल राहिल्याने प्रवाह वर्षानुवर्षे बदलत असल्याचा जो भास झाला, त्याचा उलगडा २०११मध्ये झाला. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. त्याची उलटतपासणी अपुरी पडली होती.

वारा जिकडे, प्रवाह तिकडे, हा समज तर आपल्याच किनाऱ्यावर कोलमडतो. पावसाळ्यात कोकण-गोव्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो; हिवाळ्यात मात्र किनाऱ्यावर वारा बहुधा उत्तरेकडून येत असताना तोच प्रवाह त्याला न जुमानता उत्तरेकडे चढतो, कारण त्याला ढकलणारे कारण येथले नसून, बंगालच्या उपसागरात उठून श्रीलंकेकडून वळसा घेत आपल्या किनाऱ्याने वर सरकणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या विस्तीर्ण लाटांत बरेचसे दडलेले असते.

भरती म्हणजेच प्रवाह, असेही अनेकांना वाटते. सुमारे साडेबारा तासांच्या फेऱ्यात भरती बोयाला पुढे नेते व ओहोटी बहुतांशी मागे आणते, त्यामुळे नकाशावरील त्याची वाट वेटोळ्यांची दिसते. या हेलकाव्यांची वजावट केल्यावर उरलेली संथ सरक हाच या चौकशीचा खरा विषय.

उपग्रह बोयाला वरून पाहत असतो, हीही कल्पनाच. उपग्रहांचे संकेत घेऊन बोया आपली जागा स्वतः ठरवतो आणि ती निराळ्या उपग्रहामार्फत कळवतो. म्हणूनच एखाद्या दिवशी ही वेटोळी वाट अकस्मात सरळ व वेगवान होऊन थेट बंदराच्या धक्क्याला भिडली, तर बोया कुणा मासेमाराने होडीत उचलून घेतला आहे हे ओळखून तेथून पुढची नोंद बाद करावी लागते.