छायाचित्रांचे दप्तर आणि दूरची प्रत

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेकाठी वसलेले मांजरी बुद्रुक हे गाव ऊस व द्राक्षे यांच्या संशोधन संस्थांमुळे सर्वपरिचित आहे. ३० जून २०२१ रोजी महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांत त्याचा अंतर्भाव होता. अशा स्थित्यंतराच्या वेळी ग्रामपंचायतीच्या नोंदवह्या हस्तांतरित होतात; त्यांची यादी होते, पोच मिळते. परंतु रस्ता होण्यापूर्वीची पाणंद, शाळेची जुनी इमारत, ग्रामसभा यांची छायाचित्रे बहुधा कुणाच्या तरी भ्रमणध्वनीत अथवा एकाच संगणकात राहतात. यंत्र बिघडले की झालेल्या कामाचा पुरावाच नाहीसा होतो.

यावर उपाय म्हणजे मेघसंचय, अर्थात इंटरनेटद्वारे उपलब्ध होणारी दूरच्या संगणक-केंद्रातील साठवण. तेथे छायाचित्रे आपोआप पोहोचविण्यासाठी ‘आरक्लोन’ ही विनामूल्य आज्ञावली उपयुक्त ठरते. निक क्रेग-वुड यांनी ती निर्माण केली. ती चालविण्यासाठी कळफलकावर आज्ञा टंकलिखित करावी लागते. एकदा सिद्ध केलेली आज्ञा लिनक्समधील ‘क्रॉन’ किंवा विंडोजमधील ‘टास्क शेड्युलर’कडे सोपविली की ती नेमल्या वेळी आपोआप पार पडते, मात्र त्या वेळी संगणक व इंटरनेट सुरू असावयास हवेत. आरक्लोन दोन्हीकडील फायलींचा आकार व बदलाची वेळ ताडून पाहते आणि नवी किंवा बदललेली छायाचित्रेच पाठविते.

दोन आज्ञांतील भेद

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. ‘कॉपी’ या आज्ञेने दूरच्या संचयातील जुनी छायाचित्रे पुसली जात नाहीत. ‘सिंक’ ही आज्ञा मात्र दूरचा संचय मूळ फोल्डरसारखा हुबेहूब करते. कार्यालयात एखादे छायाचित्र चुकून पुसले गेले, तर पुढील फेरीत त्याची दूरची प्रतही पुसली जाते. म्हणून जतनासाठी ‘कॉपी’च योजावी. तिला ‘इम्युटेबल’ हा पर्याय जोडल्यास आधी पोहोचलेल्या छायाचित्रावर त्याच नावाचे बदललेले छायाचित्र चढत नाही. प्रथम ‘ड्राय-रन’ने रंगीत तालीम घ्यावी, त्यात काय घडेल ते दिसते, प्रत्यक्षात काही हलत नाही. पुढे अधूनमधून ‘चेक’ आज्ञेने दोन्ही संचय जुळतात का, हे पाहावे.

घ्यावयाची दक्षता

शासकीय छायाचित्रे वैयक्तिक खात्यात न ठेवता कार्यालयाच्या अधिकृत खात्यात ठेवावीत, म्हणजे बदली झाली तरी ती दप्तरीच राहतील. लाभार्थींचे चेहरे व घरे दिसत असल्यास ‘क्रिप्ट’ या सोयीने फायली सांकेतिक रूपात पाठविता येतात. मात्र तिचा परवलीचा शब्द हरवल्यास त्या पुन्हा उघडता येत नाहीत. तो कार्यालयात सुरक्षित जपावा.

छायाचित्र कशाचे आहे, हे मात्र यंत्राला ठाऊक नसते. वर्ष, स्थळ व काम यांची नोंद जाणत्या माणसानेच करावयाची आहे. गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी हे काम आजच हाती घेतल्यास पुढील पिढीला आपले गाव ओळखता येईल.