बेट बांधलं की पक्षी येतात?

बंगळुरूत चिकपेटेतून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात मॅजेस्टिकचं बस स्थानक लागतं. आपण जिथे बस पकडतो, तो धर्मांबुधी तलावाचा तळ. संपंगी तलावाचं तर कंठीरवा स्टेडियम झालं. त्यामुळे उरलेल्या तलावांची दुरुस्ती निघाली आणि मधोमध पक्ष्यांसाठी बेट करायचं ठरलं, की सगळ्यांनाच आनंद होतो. पण या बेटांबद्दलच्या समजुती तपासून घ्यायला हव्यात.

‘तलाव निसर्गाने दिले, त्यांना हात लावू नये,’ ही पहिली. बंगळुरूला मोठी नदी नाही. इथले जुने तलाव ओढ्यांना बांध घालून माणसांनी केले आणि राजकालुव्यांनी, म्हणजे मोठ्या नाल्यांनी, एकमेकांना जोडले. उन्हाळ्यात पाणी ओसरे, गाळ उघडा पडे, शेतकरी तो शेतात नेत. थोडक्यात, माणसाचा हात पहिल्यापासून आहेच.

‘जितका खोल, तितका चांगला,’ ही समजूत सगळ्यात महागात पडते. गाळ उपसायचा, काठ उभे कापायचे, दगडी पिचिंग करायचं, वर फिरायला ट्रॅक. पाणी भरपूर दिसतं, फोटोही छान येतो. पण तुतवार आणि चिखल्या यांचे पाय ते केवढे! ओल्या चिखलात, बोट-दोन बोटं पाण्यात चोच घालून ते किडे-अळ्या टिपतात. लांब पायांचा शेकाट्याही पोटापर्यंतच्या पाण्यातच चरतो. त्यापुढचं पाणी बदकांचं आणि पाणकावळ्यांचं. काठाला लांब, मंद उतार नसेल आणि तलाव बारा महिने काठोकाठ भरलेला असेल, तर या पक्ष्यांना पाय टेकायला जागाच उरत नाही.

मग बेट कुणासाठी? बेटावरची झाडं झोळीवाले, रंगीत करकोचे, पाणकावळे, बगळे यांच्या उपयोगाची. बहुतेक तुतवार मात्र हिवाळी पाहुणे. त्यांची घरटी दूर उत्तरेत. त्यांना इथे फक्त चिखल हवा. टिटवी आणि शेकाट्या इथलेच, पण ते अंडी घालतात जमिनीवर. त्यांना बुटकं, उघडं, खडीचं बेट लागतं. भोवतीचं पाणी कुत्र्या-मांजरांना अडवतं, हाच बेटाचा खरा फायदा. त्यावर हौसेने झाडं लावली की कावळ्यांना टेहळणीची जागा मिळते. वृक्षारोपणाला विरोध करणारा माणूस समारंभात शोभत नाही, हे मान्य. तरी एखादं बेट बोडकं राहू द्यावं.

बेट कसंही असलं, तरी भोवतीचं पाणी स्वच्छ हवं. समुद्रकाठी काही देशांत त्यासाठी कालवांचे थर पुन्हा वसवतात. ते पाणी गाळतात, लाटाही अडवतात. ‘मग कालवं आपल्या तलावात सोडू,’ असं सुचवणारेही भेटतात. कालवांना कोकणातल्या खाड्यांसारखं खारं-मचूळ पाणी लागतं. गोड्या पाण्यातले शिंपलेही पाणी गाळतात, पण प्राणवायू संपलेल्या सांडपाण्यात तेही मरतात. आधी सांडपाण्याचा नाला अडवावा लागतो.

‘माणसाने केलेल्या बेटावर पक्षी येत नाहीत,’ म्हणणाऱ्यांनी श्रीरंगपट्टणजवळचं रंगनतिट्टू पाहावं. सतराव्या शतकात कावेरीवर बंधारा घातला, त्यातून ही बेटं तयार झाली. पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या आग्रहामुळे १९४० साली तिथे अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. इथे झाडांवर करकोचे आणि खडकांवर नदी सुरय अंडी घालतात. पण पुरात बेटांचे काठ खचतात. मग वनखातं वाळूच्या गोण्या रचून ते पुन्हा बांधून काढतं.