ली-एन्फिल्डची पारख आणि निगा

'शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड' ही ब्रिटिश फौजेची दहा काडतुसांची .३०३ बोअरची रायफल. तिचा मार्क-३ हा प्रकार १९०७ साली आला, दोन महायुद्धांत वापरला गेला आणि फौजेनं मोडीत काढल्यावर अमेरिका-कॅनडातल्या संग्राहकांकडे पोहोचला. भारतात हा बोअर प्रतिबंधित असल्यानं साध्या परवान्यावर ती घेता येत नाही. इथं तिची ओळख पोलिसांच्या खांद्यावरची. अमेरिकी बाजारात मात्र बंगालमधल्या ईशापूर कारखान्याच्या ली-एन्फिल्डही दिसतात. १९६२च्या चीन युद्धानंतर ईशापूरला ७.६२ मिमीची, बारा काडतुसांची '२ए' निघाली. तिच्यात .३०३चं काडतूस चालत नाही.

जाणकार गिऱ्हाईक आधी क्रमांक जुळवतं. ॲक्शन, बोल्ट, नळी आणि पुढची टोपी यांवर एकच क्रमांक असेल तर किंमत चढते. बोल्टचा क्रमांक जुळणं सुरक्षेसाठीही महत्त्वाचं, कारण तो त्या ॲक्शनला बसवून घेतलेला असतो. दुसरा बोल्ट घातलेला असेल, तर बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कड नळीत जिथं टेकते ती जागा यांतलं अंतर बंदूक-कारागिराकडून गेजनं मोजून घ्यावं. 'डीपी' अशी अक्षरं कोरलेली रायफल कवायतीसाठीची. ती झाडू नये. शिकारीसाठी लाकूड कापून आखूड केलेल्या रायफली स्वस्त मिळतात, पण मूळ लाकूड शोधून बसवायला वाचलेले पैसे जातात. लाकूड घासून चकचकीत व्हार्निश देणारा विक्रेता तर मालाची किंमतच घालवतो: जुन्या तपासणीचे शिक्के त्यात पुसले जातात.

खोलताना क्रम चुकला तर नुकसान पक्कं. मार्क-३ मध्ये दस्ता आवळणाऱ्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता हा बोल्ट फिरवला, की ते टोकही फिरतं आणि लाकूड मागून चिरतं. जुन्या बाजारात अशी चिरलेली लाकडं कितीतरी दिसतात. लाकडाला जवसाचं तेल हातानं चोळून द्यावं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेतात.

नळीचा खरा शत्रू जुनं काडतूस. तळाशी 'केएफ' छाप असलेली काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. अशा जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचा क्षार नळीत उरतो, हवेतलं पाणी ओढतो आणि पावसाळी हवेत लवकरच गंज चढवतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून ब्रिटिश सैनिक नळीत नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतत. त्यानंतर दस्त्याच्या पोकळीत ठेवलेली वजनदार दोरी काढून, तिला फ्लॅनेलचा तुकडा अडकवून नळीतून ओढत. नळी कोरडी झाली की शेवटचा तुकडा तेलाचा.