खडकीत स्वयंसेवी अग्निशमन दल काढता येईल का?

समजा, संध्याकाळी सात वाजता खडकी बाजारातल्या एका मीटर बॉक्समधून धूर निघायला लागला. गल्लीत दोन्ही बाजूंना बाइक, मध्ये हातगाड्या. कुणीतरी १०१ लावला, बंब निघाला. पण तो पोहोचेपर्यंतची पाच-दहा मिनिटं कुणाची?

बाहेरच्या देशांत अनेक गावांनी ही मिनिटं स्वतःकडे घेतली. १७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात शेजारीपाजारी जमवून 'युनियन फायर कंपनी' काढली. प्रत्येक सभासदाने घरात चामड्याच्या बादल्या आणि सामान भरायला पिशव्या तयार ठेवायच्या, हा नियम. अमेरिकेत आजही निम्म्याहून जास्त फायरमन स्वयंसेवकच आहेत.

आपल्याकडे मात्र आग विझवणं हे सरकारी काम राहिलं. मुंबईत आधी ते पोलिसांकडे होतं, १८८७ मध्ये वेगळं दल झालं. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आली. खडकीचं प्रकरण त्याहून वेगळं. इथला कारभार संरक्षण मंत्रालयाखालचं कॅन्टोन्मेंट बोर्ड बघतं आणि १८६९ पासूनची दारूगोळ्याची फॅक्टरी इथेच आहे. हौसेने पाइप घेऊन कुठेही शिरावं, असा हा भाग नाही.

शिरणं किती महागात पडतं, ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ ला पाहिलं. व्हिक्टोरिया गोदीतल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापूस आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. आग विझवताना स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. हे सगळं रोजचं काम असलेली माणसं! देशात १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यामुळेच.

मग सामान्य माणसाला वाटच नाही का? आहे. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याखाली १८ वर्षांवरच्या नागरिकांना स्वयंसेवक होता येतं आणि त्यांच्या प्रशिक्षणात आगीचा भागही असतो. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झाली, त्या यादीत पुणेही होतं.

केरळ यात एक पाऊल पुढे गेलं. २०१८ च्या महापुरानंतर तिथे प्रत्येक फायर स्टेशनला ५० स्वयंसेवक जोडायचं ठरलं. ते बंब चालवत नाहीत, स्टेशनच्या हाताखाली काम करतात. खडकीला झेपेल असं मॉडेल हेच वाटतं.

कामही साधंच. मेन स्विच बंद करायचा, लोकांना बाहेर काढून मोजायचं, बाइक हटवून बंबाला रस्ता द्यायचा, आग लहान असेल तरच एक्स्टिंग्विशर वापरायचा. विजेच्या किंवा तेलाच्या आगीवर पाणी मारायचं नाही. धुराने भरलेल्या खोलीत तर जायचंच नाही, कारण तिथे ज्वाळेच्या आधी धूरच माणसाला पाडतो.

खरी अडचण कागदावर आहे. मंडळाच्या पोरांनी टी-शर्ट छापून दल काढलं आणि त्यातला एखादा भाजला, तर दवाखान्याचं बिल कोण भरणार? त्यामुळे सुरुवात वर्गणीपासून नाही, तर बोर्डाकडच्या अर्जापासून करावी लागेल. प्रशिक्षण कोण देणार, स्वयंसेवक कुणाच्या हुकमाखाली राहणार आणि विमा कोण काढणार, हे त्यात लेखी हवं. खडकीचा नागरी भाग पुणे महापालिकेत घेण्याची चर्चाही काही वर्षं सुरू आहे. ते झालं, तर हाच अर्ज महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे न्यावा लागेल.