सामान निघालं, पण बिल्टी कुठंय?

परीक्षा संपल्या, निकाल लागले की सिडको-हडकोच्या गल्ल्यांमधून टेम्पो आणि मिनीट्रक दिसायला लागतात. कुणाची बदली नांदेडला, कुणाची नागपूरला, तर कुणी पुण्याहून वाळूजच्या कंपनीत रुजू व्हायला येतंय. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या २००५च्या बदल्यांच्या कायद्यानुसार एप्रिल-मे महिन्यांतच होतात. बँका आणि कंपन्यांमधली मंडळीही मुलांच्या शाळा बघून साधारण याच दिवसांत हलतात.

बहुतेक घरांत होतं असं, की नवरा आधी जाऊन रुजू होतो. मागे राहते ती घरची बाई. खोकी तिनंच मोजायची, हमालांना चहा तिनंच द्यायचा, आणि ट्रकवाला पुढे करेल त्या कागदावर सहीही तिनंच करायची. "ताई, इथं फक्त सही करा, बाकी आम्ही भरून घेतो," असं तो म्हणतो आणि आपण घाईघाईत सही करून मोकळ्या होतो. खरी गोम आहे ती इथेच. पुढे कपाटाची काच फुटली, टीव्हीचा पडदा तडकला किंवा एखादं खोकंच आलं नाही, तर आपल्या बाजूनं बोलणार आहे तो हाच कागद. म्हणून मैत्रिणींनो, आज या कागदांविषयी थोडं सविस्तर बोलूया.

कायदा आहे, बरं का!

घरसामान हलवणाऱ्यांना कुणी विचारणारं नाही, असा आपला समज असतो. तो खरा नाही. रस्त्यानं माल वाहून नेणाऱ्यांसाठी आपल्याकडे इंग्रजांच्या काळातला १८६५चा कायदा होता. त्याच्या जागी २००७चा रस्तेवाहतूक कायदा आला आणि तो १ मार्च २०११पासून लागू झाला. त्याचे नियमही २०११चेच. लोकांचा माल भाड्यानं इथून तिथे पोचवणारे ट्रान्सपोर्टवाले या कायद्यात येतात. माल बुक करणारे एजंट, दलाल आणि दारापासून दारापर्यंत पोचवणारे कुरियरवालेही त्यात आले. अशा धंद्याला नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा "तुमचा नोंदणी क्रमांक काय?" हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. ज्याच्याकडे नोंदणी आहे तो लगेच सांगेल. जो "ताई, आमच्यावर विश्वास नाही का?" असं म्हणेल, त्याच्यापासून जरा जपून.

दुसरा कायदा आपल्या चांगल्या ओळखीचा, ग्राहक संरक्षणाचा. १९८६चा जुना कायदा जाऊन २०१९चा नवा आला आणि तो २० जुलै २०२०पासून लागू झाला. या कायद्यानं केलेल्या कामाचं बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणजे पक्कं बिल मागणं हा आपला हक्कच आहे.

तीन कागद, तीन कामं

पहिला कागद दरपत्रकाचा, ज्याला सगळे कोटेशन म्हणतात. फोनवर "दोन खोल्यांचं सामान आहे" एवढं सांगून भाव घेऊ नका. माणूस घरी येऊन सामान बघून जाऊ दे. गोदरेजचं कपाट, दिवाण, फ्रिज, वॉशिंग मशिन, घरघंटी, धान्याच्या कोठ्या, सगळं दाखवा. माळ्यावरचं विसरू नका. नंतर वाद होतो तो माळ्यावरच्या सामानावरूनच. पॅकिंग, हमाली, चढवणं-उतरवणं, भाडं, टोल, कर हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. नव्या घरी लिफ्ट नसेल आणि तिसरा मजला असेल, तर तेही आधीच लिहून घ्या. "एकूण एवढे, यापुढे काही नाही" ही ओळ असायलाच हवी.

दुसरा कागद माल पाठवण्याच्या फॉर्मचा. हा ग्राहकानं भरून द्यायचा असतो. काय सामान, किती नग, कुठून कुठे आणि सामानाची किंमत किती, हे त्यात येतं. सामान कोणत्या तारखेपर्यंत पोचवायचं हेही यातच लिहा. उशीर झाला तर बोलायला तीच तारीख उपयोगी पडते.

तिसरा कागद बिल्टीचा. ट्रान्सपोर्टवाले तिला एलआर म्हणतात. कायद्यानुसार तिच्या तीन प्रती करायच्या असतात आणि मूळ प्रत माल पाठवणाऱ्याला, म्हणजे आपल्याला द्यायची असते. "पोचल्यावर देतो" हे चालवून घेऊ नका. बिल्टीवर नगांची संख्या आणि ट्रकचा नंबर बघा. ट्रक हलण्याआधी बिल्टी हातात हवी.

'किंमत' या रकान्यात काय लिहायचं?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फॉर्ममध्ये सामानाच्या किमतीचा रकाना असतो. पुष्कळदा तो रिकामा राहतो, किंवा ट्रान्सपोर्टवालाच "असंच टाकतो काहीतरी" म्हणून वीस हजार लिहून टाकतो. तिथेच आपलं नुकसान होतं. कसं ते बघा.

२०११च्या नियमांनुसार सामान हरवलं किंवा मोडलं, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते. पण फॉर्ममध्ये लिहिलेल्या किमतीपेक्षा ती जास्त होऊ शकत नाही.

समजा, गारखेड्यातलं एक घर नागपूरला निघालंय. भाडं ठरलं १८,००० रुपये. दहापट झाले १,८०,०००. घरातल्या सामानाची खरी किंमत दोन लाखांच्या पुढे. ती खरी किंमत फॉर्मवर असेल तर १,८०,००० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. पण रकान्यात २०,००० लिहिलं असेल, तर ट्रकभर सामान गेलं तरी वीस हजारांवर गाडी थांबते. एका रकान्यापायी एक लाख साठ हजारांचा फरक!

म्हणून घरी बसून आधीच यादी करा. फ्रिज केव्हा घेतला, आज त्याची किंमत काय होईल, कपाट कितीचं, तांब्या-पितळेची भांडी किती किलो, असं लिहीत जा. किंमत फुगवू नका आणि कमीही सांगू नका. जुनी बिलं असतील तर मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा. दहापटीपेक्षा जास्त संरक्षण हवं असेल, तर जादा जोखमीचा दर देऊन तसं लेखी ठरवून घेता येतं. कायद्यात तशी सोय आहे.

सहीला किती वजन असतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या एका निकालावरून कळतं. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या प्रकरणात पाकिटाला उशीर झाला होता. पण ग्राहकानं सही केलेल्या कागदावर जबाबदारी १०० डॉलरपुरतीच लिहिलेली होती आणि न्यायालयानं ती मर्यादा मान्य केली. छापील अटी बारीक अक्षरात असल्या तरी सही केली की त्या आपल्याला लागू होतात. तेव्हा चष्मा लावा, ट्रकवाल्याला पाच मिनिटं थांबवा आणि वाचा.

दुसरी बाजूही आहे. बिल्टीवर 'माल मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का बघून घाबरून जाऊ नका. नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज या प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असा शिक्का असला तरी स्वतःच्या निष्काळजीपणातून वाहतूकदाराची सुटका होत नाही. २००७च्या कायद्यानुसारही वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं आपल्यावर नाही.

विमा म्हणजे विमाच हवा

बिलात 'इन्शुरन्स' म्हणून शेकडा दोन-तीन टक्के लावलेले असतात. तेव्हा विचारा, पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची? नंबर काय? पॉलिसी हातात नसेल, तर ते पैसे विम्याचे झालेच कसे? विमा उतरवायचं काम विमा कंपनीचं, ट्रकवाल्याचं नाही. पॉलिसीची प्रत मिळाली तरच पैसे द्या.

सोनंनाणं, रोकड, शाळेचे दाखले, जमिनीचे सातबारे, बँकेची पासबुकं आणि औषधं मात्र ट्रकमध्ये टाकूच नका. हे सगळं आपल्या हातातल्या पिशवीत.

दारात ट्रक उभा आणि मागणी वाढलेली

तक्रारी बऱ्याचदा इथून सुरू होतात. नव्या घरासमोर ट्रक येतो आणि ड्रायव्हर म्हणतो, "अजून आठ हजार द्या, मग माल उतरवतो." कारणं ठरलेली असतात. वाटेत ई-वे बिलाचा दंड बसला, नाक्यावर जकात द्यावी लागली. यातलं खरं किती? वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, नियमातच तशी सूट आहे. जकातीचं म्हणाल, तर १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर राज्यात उरलीसुरली जकातही गेली. तेव्हा शांतपणे म्हणा, "दंडाची पावती दाखवा."

त्यातूनही ट्रकवाला अडून बसला तर ११२ला फोन लावा. सोपवलेला माल वाहतूकदारानं हडप करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१६व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लहान मुलं सोबत आहेत, रात्र झालीय आणि पैसे देऊन सुटका करून घ्यावीच लागली, तर ते रोख देऊ नका. यूपीआयनं द्या आणि 'जबरदस्तीनं घेतले' असा मेसेज त्याच वेळी कंपनीच्या नंबरवर पाठवा.

माल उतरताना 'सर्व सामान सुस्थितीत मिळालं' या ओळीवर सही मागतात. खोकी उघडलेली नसताना सुस्थिती कुणी बघितली? त्याच कागदावर आपल्या अक्षरात लिहा, 'नग इतके मिळाले, उघडून पाहणं बाकी' आणि मग सही करा. काही फुटलेलं दिसलं तर तेही तिथेच लिहा. खोकं उघडतानाचे फोटो काढा.

तक्रार करायची कशी?

सगळ्यात आधी लेखी नोटीस. २००७च्या कायद्यानुसार नुकसानीची लेखी नोटीस सामान बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला द्यावी लागते. फोनवरची भांडणं या हिशेबात धरली जात नाहीत. साध्या कागदावर बिल्टी नंबर, तारीख, काय मोडलं, किती रुपयांचं, हे लिहून ते स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि घरसामानाचं भाडं त्याच्या आतच असतं. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

बिल्टीवर 'सर्व वाद दिल्लीच्या न्यायालयात' असं छापलेलं असतं, ते वाचून पुष्कळजणी तिथेच गप्प बसतात. पण २०१९च्या कायद्यानं तक्रारदार जिथे राहते किंवा काम करते, त्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय दिली आहे. म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला गेलेली बाई नागपुरात तक्रार करू शकते आणि पुण्याहून इथे आलेली इथल्याच जिल्हा आयोगात.

"पण बिल तर ह्यांच्या नावावर आहे!" हरकत नाही. पैसे देणाऱ्याच्या संमतीनं जी सेवा घेते, तीही कायद्यानं ग्राहकच. नवऱ्याला रजा मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. कायदेशीर मदत हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७च्या कायद्यानुसार स्त्रियांना ती मोफत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन नंबर १५१००.

कात्रण काढून ठेवा

• कंपनीचं ऑफिस स्वतः किंवा ओळखीच्या कुणाला पाठवून बघा. मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावणारे बरेच असतात.

• जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७नं सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कोणाच्या नावावर आहे ते कळतं.

• सगळे पैसे आगाऊ देऊ नका. काही रक्कम सामान पोचल्यावर द्यायची, असं लिहून ठरवा. ॲडव्हान्स घेऊन फोन बंद झाला, तर लगेच १९३०वर सायबर तक्रार करा.

• प्रत्येक खोक्यावर नंबर घाला. त्याच नंबरची यादी दोन प्रतींत करा आणि एकीवर ट्रकवाल्याची सही घ्या.

• कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका.

• आपल्या शहराचं नाव काही कागदांवर औरंगाबाद, काहींवर छत्रपती संभाजीनगर असतं. पत्त्यात पिनकोड न चुकता लिहा, म्हणजे घोळ होत नाही.

• कोटेशन, फॉर्म, बिल्टी, बिल आणि नोटिशीची पावती एका फाइलमध्ये ठेवा आणि निदान दोन वर्षं ती टाकून देऊ नका.

नव्या गावात पहिल्या दिवशी दूध कुठे मिळतं, पाणी किती वाजता येतं, हे आपण शेजारणीला विचारतोच. तिचीही बदली कधीतरी होणारच. तेव्हा ही फाइल तिलाही दाखवा.